तारेखालचा हिशेब

मेलेला पक्षी उघड्या माळावर फार काळ पडून राहत नाही. रात्री कोल्हा येतो, त्याआधी गावातली कुत्री येऊन जातात, दिवसा कावळे आणि गिधाडे. दोन-चार दिवसांत पिसे तेवढी उरतात आणि वारा सुटला की तीही उडून जातात. राजस्थानात जैसलमेरच्या भोवताली विजेच्या तारांखालून चालत जाऊन मेलेले पक्षी मोजायचे ठरले, तेव्हा देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांपुढे पहिली अडचण हीच होती. पुरावा सापडण्याआधीच खाल्ला जात होता.

त्यांनी थरच्या वाळवंटात ८० किलोमीटर लांबीच्या तारा निवडल्या आणि वर्षभरात सात वेळा त्यांच्याखालची जमीन पालथी घातली. सापडले २८९ मृत पक्षी, चाळीसच्या आसपास जातींचे. पण हा आकडा म्हणजे फक्त दिसलेले. जे दिसले नाहीत त्यांचा अंदाज बांधायला या शास्त्रात एक साधी, काहीशी किळसवाणी रीत आहे. आधीच मेलेले पक्षी मुद्दाम तारेखाली ठेवायचे आणि किती दिवसांत किती गायब होतात ते रोज जाऊन पाहायचे. त्यावरून कुत्र्या-कोल्ह्यांचा वाटा कळतो. मग काही मृत पक्षी ठेवून, त्यांच्या जागा न सांगता शोधपथकाला त्याच वाटेने पाठवायचे. त्यावरून माणसाची नजर किती चुकते ते कळते. या दोन्ही तुटी भरून काढल्यावर जो आकडा आला त्याने पुढे सगळे प्रकरण पेटले. वाळवंट राष्ट्रीय उद्यान आणि त्याच्या आसपासच्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर टापूत वर्षाला सुमारे ८४,००० पक्षी तारांमुळे मरत असावेत, असा तो अंदाज होता.

चौऱ्याऐंशी हजारांत होले असतात, पारवे असतात, चंडोल असतात. त्यांच्या जाती त्यामुळे संपत नाहीत. अडचण आहे ती माळढोकाची. थरमध्ये त्या सुमारास सव्वाशेच्या आसपास माळढोक उरले होते आणि संस्थेच्या हिशेबाने त्यातले साधारण १८ दरवर्षी तारांना बळी पडत असावेत. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. ते कोल्हा, घोरपड, भटका कुत्रा आणि गुरांचे खूर यांच्यातून वाचले तर महिन्याभराने पिल्लू. ज्याची वीण इतकी संथ, त्याच्या संख्येतून दरसाल सातवा हिस्सा कमी झाला तर ती जात टिकत नाही. याला फार मोठे गणित लागत नाही.

१९६९ मध्ये धर्मकुमारसिंहजींनी देशात माळढोक १,२६० असावेत असा अंदाज केला होता. आज रानातले दीडशेच्या आसपास मानले जातात आणि त्यातले बहुतेक सगळे राजस्थानात आहेत. गुजरातेत कच्छच्या अबडासा तालुक्यात, नलियाजवळ, गेल्या काही वर्षांत उरल्या त्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या माद्या. नर नाही. त्यांच्याभोवती पवनचक्क्या आहेत आणि पवनचक्क्यांना जोडणाऱ्या तारा.

एवढा मोठा पक्षी तारेला धडकतोच कसा, हा प्रश्न हमखास विचारला जातो. नर माळढोक मीटरभर उंच आणि पंधरा किलोपर्यंत वजनाचा. आपली समजूत अशी की उडणाऱ्याला समोरचे स्वच्छ दिसत असणार. प्रत्यक्षात माळढोकाच्या कुळातल्या पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. बाजूचे खूप मोठे क्षेत्र त्यांच्या नजरेत राहते, पण दोन्ही डोळ्यांना एकदम दिसणारी समोरची पट्टी अगदी अरुंद असते. शिवाय हे पक्षी उडताना खाली जमिनीकडे पाहतात, कारण चारा आणि सोबती दोन्ही जमिनीवरच. मान थोडी झुकली की समोरचे दृश्य नजरेबाहेर जाते. आफ्रिकेतल्या कोरी माळढोकाच्या डोळ्यांचा अभ्यास करून ग्रॅहम मार्टिन या शास्त्रज्ञाने २०१० मध्ये हे दाखवून दिले. लाखो वर्षे माळावरच्या आकाशात आडवे काही नव्हते, तेव्हा समोर बघण्याची गरजच पडली नाही. तार दिसते ती शेवटच्या काही मीटरवर, आणि एवढ्या वजनाला तेवढ्या अंतरात वळता येत नाही.

त्यातही सगळ्यात घातक तार वीज वाहून नेणारी नसते. उंच टॉवरवर वीज नेणाऱ्या जाड तारा लांबून त्यातल्या त्यात दिसतात. त्यांना टाळायला पक्षी वर उठतो, आणि टॉवरच्या अगदी माथ्यावर विजांपासून संरक्षणासाठी ओढलेली बारीक अर्थ वायर असते, तिच्यावर आदळतो. गरुड, गिधाडे मरतात ती वेगळ्या तऱ्हेने. ती खांबावर बसतात आणि ११ किंवा ३३ केव्हीच्या लाइनवर दोन तारांमधले अंतर त्यांच्या पंखांपेक्षा कमी पडते. एकात धडक, दुसऱ्यात शॉक. उपायही त्यामुळे वेगवेगळे. पण बातमीत दोन्ही ‘विजेच्या धक्क्याने पक्षी मृत’ एवढ्या एका ओळीत येतात.

राजस्थानातल्या माळढोकांचा एक मोठा आधार म्हणजे पोखरणचे लष्करी गोळीबार क्षेत्र. तिथे तोफांचे गोळे पडतात. पण वस्ती नाही, नांगर नाही आणि तारांचे जाळे नाही. गोडावण, हे त्याचे तिकडचे नाव, त्या आवाजात राहतो, वीण करतो. बाहेर सेवण गवताच्या माळावर, देवाच्या नावाने राखलेल्या ओरणांवर, शांतता आहे आणि तारा आहेत. देवीच्या ओरणात फांदी तोडायची नाही हा नियम गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाळला. महसुली कागदावर मात्र अशी कित्येक ओरणे सरकारी पडीक जमीन म्हणून पडून होती. सौर आणि पवन प्रकल्पांना जमीन हवी होती आणि स्वस्तात, वादाविना मिळणारी जमीन तीच होती.

आता या सगळ्याची आधी तपासणी झाली नव्हती का? माझ्या मते या विषयाचा गाभा इथे आहे आणि तो कंटाळवाण्या सरकारी परिशिष्टात दडलेला आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेला एक यादी जोडलेली आहे. त्या यादीत जलविद्युत आहे, औष्णिक आहे, अणुवीज आहे. पारेषण वाहिनी नाही. पवनऊर्जा नाही. फोटोव्होल्टाइक सौर प्रकल्पांना केंद्राने वेगळ्या ज्ञापनांनी सूट दिलेली आहे. म्हणजे वाळवंटात हजारो एकरांवर काचा अंथरायच्या आणि तिथून शेकडो किलोमीटर उंच तारा न्यायच्या, तर ‘इथे कोण राहते?’ हा प्रश्न विचारायची सक्ती कायद्याने कुणावरच नाही.

औष्णिक प्रकल्पाला ती आहे, तरी तिथेही तारा निसटतात. औष्णिक केंद्राचा अभ्यास सहसा केंद्राभोवतीच्या दहा किलोमीटर त्रिज्येत होतो. चिमणीचा धूर, राख, पाणी यांची मोजमापे त्यात येतात. त्या केंद्रातून निघालेली लाइन दहा किलोमीटरचे वर्तुळ ओलांडून दोन-तीन जिल्ह्यांतून जाते, पण ती त्या अहवालाच्या बाहेर. आणि अहवालातले वन्यजीवांचे प्रकरण किती मनापासून लिहिले जाते, याबद्दल न बोललेलेच बरे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर जसाच्या तसा सापडला होता. कोकणात रशियाची झाडे उगवली आणि पुष्कळ टेबलांवरून ती कुणाच्या लक्षात न येता पुढे सरकली.

प्रश्न विचारला जातो तो जमीन वनखात्याची असली तर. गोव्यात मोलेच्या अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून तमनार प्रकल्पाची ४०० केव्ही लाइन नेण्याचे ठरले, तेव्हा राज्यभर आंदोलन उभे राहिले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीपुढे गेले, आणि २०२१ च्या अहवालात समितीने सांगितले की नवा पट्टा कापण्याऐवजी आधीच असलेल्या २२० केव्ही लाइनच्या पट्ट्याचा वापर करावा. गोवेकरांच्या चिकाटीचे श्रेय कमी लेखायचे नाही. पण समितीला त्यात पडता आले कारण तिथे झाडे होती, आणि झाडे होती म्हणून वन कायदा होता. मोलेच्या जागी गवताळ माळ असता तर कुणाच्या परवानगीवाचून टॉवर उभे राहिले असते.

माळाच्या वाट्याला संरक्षण आले की काय होते, हे महाराष्ट्राने सोलापुरात पाहिले आहे. ती गोष्ट उलट्या टोकाची. सत्तरच्या दशकात नान्नज परिसरातल्या माळढोकांकडे लक्ष वेधले गेले आणि १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. आकडा पुन्हा वाचून पाहावा. एवढ्या क्षेत्रात गावे आली, शहरे आली, बागायत आली, साखर कारखाने आले. प्रत्यक्ष वनखात्याच्या ताब्यातली जमीन त्यात अगदी थोडी, बाकी सगळी लोकांची. खाण, रस्ता, बांधकाम, जमिनीचा व्यवहार, जिथे तिथे अभयारण्य आडवे येऊ लागले. ज्या शेतकऱ्याने आयुष्यात माळढोक पाहिला नव्हता त्याला तहसीलमध्ये माळढोकामुळे हेलपाटे घालावे लागले. या पक्ष्याचा जितका राग त्या टापूत धुमसला तितका बिबट्याचाही कुठे नसेल. शेवटी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या मंजुरीने क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले.

तोवर पक्षी जवळजवळ गेले होते. नान्नजला एके काळी वीस-पंचवीस माळढोक दिसायचे. अलीकडच्या गणनांत एखादा दिसला तर बातमी होते. सोलापुरात त्यांना तारांनी मारले असे म्हणणे चुकीचे ठरेल. उजनीचे पाणी आले, माळ उसाखाली आणि द्राक्षांखाली गेला, गवताच्या तुकड्यांमधली अंतरे वाढली. मात्र पाण्यामागे पंप आले, पंपामागे ११ केव्हीचे फीडर, डीपी, लघुदाब लाइन, शेताशेतांत खांब. कोणत्या तारेने किती पक्षी मारले, हे तिथे कुणी थरसारखे चालून मोजले नाही. आता मोजून उपयोग नाही, कारण मोजायला पक्षीच नाहीत. आघात मोजण्याचे काम उशिरा सुरू झाले की उत्तर शून्य येते, आणि शून्य या उत्तराचा अर्थ ‘नुकसान नाही’ असाही लावता येतो. तो तसा लावलेला मी बैठकांमधल्या बोलण्यात ऐकला आहे.

आघात फक्त मढ्यांत मोजायचा नसतो, हे साताऱ्याच्या चाळकेवाडीने दाखवले. त्या पठारावर वर्षानुवर्षे पवनचक्क्या फिरत आहेत. मारिया ठकार, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी पवनचक्क्या असलेले आणि नसलेले असे पठाराचे भाग शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि २०१८ मध्ये ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’मध्ये निष्कर्ष छापले. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी. हे अपेक्षितच. पुढचे अनपेक्षित. शिकारी घटल्यामुळे गळ्याला निळा-नारिंगी पंखा असलेले सरडे तिथे बेसुमार वाढले होते. त्यांच्या रक्तातले तणावाचे संप्रेरक कमी होते, माणूस अगदी जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. पण गर्दीत खायला पुरेना म्हणून अंगाने खंगले होते आणि नरांच्या गळ्यावरचे रंग फिके पडले होते. एकही मेलेला ससाणा न सापडता पठाराची सगळी घडी बदलली होती. पवनचक्कीखाली प्रेत सापडले नाही म्हणून ‘आघात नगण्य’ असे लिहिणाऱ्या प्रत्येक सल्लागाराने हा निबंध वाचावा असे वाटते. ते वाचणार नाहीत, हेही ठाऊक आहे.

माळढोकाचे प्रकरण न्यायालयात नेले एम. के. रणजितसिंह यांनी. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तयार करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या निवृत्त सनदी अधिकाऱ्याला २०१९ मध्ये त्याच कायद्यातल्या पहिल्या अनुसूचीतल्या पक्ष्यासाठी दाद मागावी लागली. या याचिकेवर तीन महत्त्वाचे निकाल झाले आणि तिन्ही पीठांवर एकेक मराठी नाव आहे, हा निव्वळ योगायोग. १९ एप्रिल २०२१ रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने माळढोकांच्या क्षेत्रातल्या कमी दाबाच्या तारा जमिनीखाली घ्याव्यात आणि उच्चदाबाच्या तारांबाबत त्यासाठी नेमलेल्या समितीने एकेक प्रकरण तपासावे, असा आदेश दिला. त्या आदेशाचा पसारा सुमारे ९९,००० चौरस किलोमीटर होता. उद्योग आणि केंद्र सरकार दोघेही हादरले.

केंद्राचे म्हणणे सगळेच पोकळ नव्हते. ३३ केव्हीपर्यंतची केबल पुरणे महाग पण नेहमीचे काम आहे, मुंबईत ती जमिनीखालीच असते. ४०० किंवा ७६५ केव्हीची गोष्ट निराळी. जमिनीत पुरलेली लांब केबल स्वतःच विजेचा भार साठवते. तो भरण्यात आणि रिकामा करण्यातच प्रवाहाचा मोठा हिस्सा खर्ची पडतो, काही अंतरानंतर पलीकडे द्यायला थोडेच उरते. शिवाय केबल तुकड्यांनी येते, दर काहीशे मीटरवर जोड द्यावा लागतो आणि बिघाड झाला की जोड शोधायला वाळूत खणावे लागते. २१ मार्च २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने जुना सरसकट आदेश मागे घेतला आणि तज्ज्ञांची नवी समिती नेमली. हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेत आहे, असेही त्याच निकालात आले. माळढोकाच्या याचिकेतून माणसाला नवा हक्क मिळाला आणि माळढोकाला समिती.

मात्र समितीने काम केले. १९ डिसेंबर २०२५ रोजी न्या. पी. एस. नरसिंह आणि न्या. अतुल चांदूरकर यांच्या पीठाने तिच्या शिफारशी स्वीकारल्या. राजस्थानात १४,०१३ आणि गुजरातेत ७४० चौरस किलोमीटर असे सुधारित प्राधान्य क्षेत्र ठरले. तिथे नव्या पवनचक्क्या नाहीत, दोन मेगावॉटवरचे नवे सौर प्रकल्प नाहीत, आणि नव्या उंच तारा न्यायच्याच असतील तर ठरवून दिलेल्या पट्ट्यातून. हे मला २०२१ च्या आदेशापेक्षा अधिक शहाणपणाचे वाटते. लाखभर चौरस किलोमीटरवर काढलेला हुकूम कुणीच पाळत नाही, नान्नजला तेच झाले होते. सगळ्या वाळवंटात विखुरलेल्या दहा लाइनींपेक्षा एका पट्ट्यात दाटीने नेलेल्या दहा लाइनी परवडतात. फक्त हा नकाशा प्रकल्प येण्याआधी काढायला हवा होता. तो काढला गेला तेव्हा बहुतेक टॉवर उभे झालेले होते.

उभ्या तारांवर आता चकत्या लावल्या जातात. पोखरण तालुक्यात चाचा ते धोलिया या गावांच्या दरम्यान २०२० मध्ये साडेसहा किलोमीटरच्या दोन टप्प्यांवर १,८१३ ‘फायरफ्लाय’ चकत्या टांगल्या. वाऱ्याने त्या फिरतात, उन्हात चमकतात, अंधारात थोड्या लुकलुकतात. धडका त्याने घटतात, थांबत नाहीत. बाजूला बघणाऱ्या डोळ्याला समोरची चकती दाखवण्याची ही खटपट आहे. आणि वाळूच्या वाऱ्यात चकत्या झिजतात, गळतात. लावल्याचा फोटो फाइलमध्ये असतो, दोन उन्हाळ्यांनंतर किती उरल्या याची नोंद क्वचितच. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सीमेवर युरोपी माळढोकासाठी मध्यमदाबाच्या तारा पुरल्या आणि उरलेल्यांवर खुणा लावल्या, तेव्हा मृत्यू लवकर घटले. दोन्ही एकदम केले, म्हणून.

इकडे सम आणि रामदेवरा येथल्या प्रजनन केंद्रांत माळढोकांची संख्या साठच्या वर गेली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. ही मोठीच कमाई. ही पिल्ले पुढे रानात सोडायची आहेत, आणि ज्या आकाशात सोडायची त्यात तारा कुठे कुठे आहेत हे सोडण्याआधी तपासावे लागणार आहे.

महाराष्ट्रात या क्षणी एक मोठी गोष्ट चालू आहे आणि तिच्याकडे या नजरेने कुणी फारसे पाहत नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात १६,००० मेगावॉट क्षमतेचे छोटे छोटे सौर प्रकल्प गावोगाव, शेतीच्या उपकेंद्रांजवळ उभे राहत आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा हेतू चांगला आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे. रात्री अडीचला पाणी धरायला गेलेल्या माणसाला साप चावतो, हे ज्याने पाहिले आहे तो दुसरे काय म्हणेल? पण जागा निवडताना पाहिले जाते ते उपकेंद्र किती जवळ आहे आणि जमीन सरकारी आहे का. सरकारी म्हणजे पुष्कळदा गायरान. सोलापूर, धाराशिव, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांत गायरान म्हणजे लांडग्याची गुहा, काळविटाचा कळप, धाविक पक्ष्याचे अंडे. तिकडे अकोला-वाशीममध्ये तणमोर.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने (बीएनएचएस) बर्डलाइफ या पक्षीसंवर्धन संस्थेसोबत ‘अविस्टेप’ नावाचा नकाशा २०२२ मध्ये खुला केला आहे. भारतातल्या कोणत्याही चौकटीवर बोट ठेवले की तिथे पवन, सौर किंवा तारांमुळे पक्ष्यांना किती धोका आहे ते दिसते. फुकट आहे. जागेच्या प्रस्तावासोबत त्याची एक प्रत जोडा, एवढी अट जिल्हाधिकारी कार्यालयालाही घालता येईल, त्यासाठी दिल्लीच्या अधिसूचनेची वाट पाहायला नको.

दुसरी गोष्ट आणखी स्वस्त आहे. मोठा पक्षी ११ केव्हीच्या दोन तारांत सापडला की फीडर ट्रिप होतो. उपकेंद्रात त्याची वेळ लिहिली जाते, आणि लाइन तपासायला निघालेल्या लाइनमनला खांबाखाली काय पडले आहे ते सगळ्यांच्या आधी, कुत्र्यांच्याही आधी, दिसते. अर्थ वायरवरच्या धडका यात येणार नाहीत, कारण तिथे काहीच ट्रिप होत नाही. पण शॉकने मरणारे गरुड, गिधाड, घुबड येतील. वनखात्याने माळरानाच्या तालुक्यांतल्या उपकेंद्रांच्या या नोंदी मागवाव्यात आणि लाइनमनच्या फोनमधल्या एका फोटोची त्यात भर घालावी. पहिल्या वर्षाचे आकडे कच्चे असतील. नान्नजसाठी तेवढेही आपल्याकडे नाहीत.